रडणाऱ्यापुढे बसण्याची विद्या

१९८६ सालचा पावसाळा. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवायला लागून मला दोन वर्षे झाली होती. मानसशास्त्राचा प्राध्यापक म्हणजे अर्धा डॉक्टर आणि अर्धा ज्योतिषी, अशी त्या काळी आमच्या गावात समजूत असे. त्यामुळे संध्याकाळी माझ्या घराच्या पुढच्या खोलीत कोणी ना कोणी येऊन बसलेले असे. कोणाला परीक्षेची धास्ती, कोणाला झोप नाही, कोणाच्या मुलीचे सासरी पटत नाही. मी तरुण होतो. आलेल्या माणसाला 'मला यातले फारसे कळत नाही' असे सांगण्यापेक्षा सल्ला देणे मला सोपे वाटे, आणि लोकही सल्लाच मागायला आलेले असत.

त्या पावसाळ्यात शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करणारा एक पस्तिशीचा गृहस्थ आला. तक्रार अशी, की कामावर असताना हाताला कंप सुटतो. डॉक्टरांना दाखवून झाले होते. दोष काही सापडला नव्हता. मी कंप केव्हापासून आहे ते विचारले. सात महिने, असे तो म्हणाला. आणि मग, जणू काही दुसरीच गोष्ट सांगत असल्याप्रमाणे, सात महिन्यांपूर्वी त्याचा नऊ वर्षांचा मुलगा विहिरीत पोहायला गेला तो परत आला नाही, असे त्याने सांगितले. एवढे बोलून तो रडू लागला. मोठ्याने नव्हे, खांदे हलत होते इतकेच.

मी काय केले? मी उठलो. आत जाऊन तांब्याभांडे आणले, त्याच्या हातात पाणी दिले. 'धीर धरा, जाणारा गेला, आता राहिलेल्यांकडे पाहायला हवे,' असे म्हणालो. तो सावरला तसा त्याला दीर्घ श्वसनाचा एक व्यायाम शिकवला. 'बरं सर,' म्हणून तो माझ्या पाया पडला आणि पावसात निघून गेला. मी माझ्या वहीत लिहिले, 'रुग्ण शांत झाला.' तो पुन्हा आला नाही. न येण्याचा अर्थ तो बरा झाला असाच मी घेतला.

तेरा वर्षांनी, १९९९ मध्ये, गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर एका माणसाने मला हाक मारली. 'ओळखलासा का सर?' मी ओळखले नव्हते. त्याने ओळख दिली. हाताचा कंप पुढे आपोआप कमी झाला होता. आता त्याचे स्वतःचे लहानसे वर्कशॉप होते. त्याने आग्रहाने मला दूध पाजले. निघताना सहज म्हणावे तसे म्हणाला, 'त्या दिशी तुम्ही पाणी दिलासा. पन मला तहान न्हवती लागल्याली, सर. पोराचं कुणापुढं तरी सांगायचं हुतं.'

आमच्या बोलीत 'दिलेत' याला 'दिलासा' म्हणतात. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला अधिक लागले. मी त्याला पाणी दिले होते. दिलासा दिला नव्हता. आणि का दिला नव्हता, हे त्या दिवशी घरी परतताना मला प्रथमच स्पष्ट दिसले. त्याचे रडणे मला सहन झाले नव्हते. तांब्या आणायला मी उठलो तो त्याच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी उठलो होतो.

मग प्रश्न पडला तो असा. पदव्युत्तर परीक्षेत मी चांगला उत्तीर्ण झालो होतो. १८७९ साली वुंटने लाइपझिगला प्रयोगशाळा कशी काढली, फ्रॉइडने मनाचे कप्पे कसे पाडले, हे सारे मला पाठ होते. परंतु समोरचा माणूस रडू लागला तर आपण कसे बसावे, हे मला कोणीच शिकवले नव्हते. ही विद्या शिकवता येते का? कोणी, कोणाला, कधी शिकवली? तेव्हापासून मी जे वाचत आलो, पाहत आलो, त्याची ही हकीकत.

* * *

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपल्याकडे रडायला जागा नव्हती असे नाही. आमच्या भागात मयताच्या घरी भेटायला आलेली बाई दारातूनच हंबरडा फोडते, घरातल्या बाईच्या गळ्यात पडते आणि दोघी गेलेल्याचे गुण एकेक करून सांगत रडतात. जात्यावरच्या ओव्यांत सासुरवाशिणीने जे सांगितले, ते ती कोणाला समोर बसून सांगू शकली नसती. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर, शिरोळ तालुक्यातल्या नृसिंहवाडीला, 'बाधा' झालेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आणली जात. तिथे ओरडणे, घुमणे, रडणे यांना कोणी अडवीत नसे. फलटणच्या एका महानुभाव मंदिराचा अभ्यास करून व्हिएडा स्कल्टन्स या विदुषीने १९८७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. कुटुंबात आजारी पुरुष असतो, आणि त्याच्यासाठी म्हणून आई किंवा बायको देवापुढे घुमते, असे त्यांना तिथे आढळले. म्हणजे दुःख एकाचे आणि अंगात येणे दुसऱ्याचे. या ठिकाणांचे गोडवे गावेत असे मी म्हणत नाही. तिथे उपचाराच्या नावाखाली माणसांचे हालही झाले आहेत. पण तिथे भावनेला वाट होती, तिची एक रीत होती आणि ती रीत जाणणारी माणसे होती.

माझ्या लेथवाल्याची अडचण अशी होती, की तो पुरुष होता, कारखान्यातला होता, आणि अशी कोणतीही रीत त्याच्या वाट्याला आलेली नव्हती. म्हणून तो शिकलेल्या माणसाकडे आला. शिकलेल्या माणसांची रीत मात्र फार दुरून आली होती.

* * *

१८९५ साली व्हिएन्नात ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी उन्मादावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कोंडून राहिलेली भावना आठवणीसह बाहेर पडली की लक्षण जाते, असा त्यांचा प्रारंभीचा सिद्धान्त होता. त्यांनी त्याला विरेचन म्हटले. ॲरिस्टॉटलने नाटकाच्या संदर्भात वापरलेला हा शब्द आपल्या आयुर्वेदालाही परका नाही. पंचकर्मांत विरेचन आहेच. परंतु थोड्याच वर्षांत फ्रॉइडच्या लक्षात आले, की नुसते बाहेर पडणे पुरत नाही. शिवाय रुग्णाच्या भावना उपचार करणाऱ्यालाच येऊन चिकटतात, आणि उपचार करणाराही दगडाचा नसतो. १९१० मध्ये त्याने या दुसऱ्या गोष्टीला प्रतिसंक्रमण असे नाव दिले आणि ती काबूत ठेवण्याची ताकीद दिली. १९१२ मध्ये तर त्याने उपचारकाला शल्यविशारदाची उपमा दिली. शस्त्रक्रिया करताना सर्जन स्वतःच्या भावना बाजूला ठेवतो, तसे याने करावे.

यातूनच शिकवण्याची पहिली पद्धतशीर रीत जन्माला आली. १९२० मध्ये बर्लिनला सुरू झालेल्या दवाखान्यात तीन पायांची एक तिवई तयार झाली. शिकाऊ उपचारकाने ग्रंथ शिकायचे, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली रुग्ण पाहायचे, आणि तिसरे म्हणजे स्वतः रुग्ण होऊन दुसऱ्यापुढे आपले मन उकलायचे. ज्याने स्वतः रडून पाहिले नाही त्याने दुसऱ्याला रडवू नये, असा याचा साधा अर्थ.

हे लोण हिंदुस्थानात आश्चर्य वाटावे इतक्या लवकर आले. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी फ्रॉइडला कधी प्रत्यक्ष पाहिले नाही. पुस्तके वाचून, आपल्या रुग्णांवर पडताळून ते विश्लेषक झाले. १९२१ मध्ये त्यांना दमनाच्या कल्पनेवरील प्रबंधाबद्दल कलकत्ता विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, आणि १९२२ मध्ये त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. त्याच वर्षी तिला आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली. बोसबाबूंची पद्धत थोडी वेगळी होती. प्रत्येक इच्छेच्या पाठीशी तिच्या उलट इच्छा दडलेली असते, असे त्यांचे मत. म्हणून ते रुग्णाला एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला बसवून कल्पना करायला लावत, लहान मुलांच्या तराफ्यावरच्या खेळासारखे. पण ज्याला स्वतःला कोणी गुरू नव्हता असा हा गुरू होता. त्याच्या तिवईचा एक पाय त्याला स्वतःच घडवावा लागला.

आमच्या बाजूला काय होते? मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९३८ साली डॉ. मसानी यांच्या देखरेखीखाली मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग निघाला. त्याच्या आदल्या वर्षी टाटांच्या समाजकार्य विद्यालयाने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र उघडले होते. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ पासून होते आणि कोल्हापूरकरांना तेच जवळचे; पण तिथे माणूस जाई तो फार बिघडल्यावर. इकडे आमच्या राजाराम कॉलेजात मानसशास्त्र हे त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तत्त्वज्ञानाच्या पदराखाली नांदत होते. ना. सी. फडके तिथे तत्त्वज्ञान शिकवीत आणि कादंबऱ्या लिहीत. मला पुष्कळदा वाटते, की त्या दिवसांत कोल्हापूरच्या तरुणांना भावनांविषयी जे काही कळले ते वर्गापेक्षा कादंबऱ्यांतूनच अधिक कळले असावे.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये बंगलोरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी तिथे वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका सुरू झाली. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावले. घरच्यांच्या डोळ्यांदेखत उपचार होऊ लागले, आणि घरचेही शिकू लागले. हा आपल्या मातीतला धडा होता. इथे माणूस एकटा आजारी पडत नाही आणि एकटा बराही होत नाही. १९७३ मध्ये डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी गुरुशिष्याच्या नात्याचा आदर्श मानसोपचारापुढे ठेवला, तोही याच जाणिवेतून. तथापि मला त्यात एक धोका दिसतो. गुरू म्हटला की तो बोलणार आणि शिष्य ऐकणार. माझ्या पुढच्या खोलीत मी जे केले, ते गुरूच्याच आसनावर बसून केले होते.

* * *

या विद्येच्या इतिहासात मला सर्वांत मोठी वाटते ती घटना एका यंत्रामुळे घडली. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात कार्ल रॉजर्स नावाचे प्राध्यापक होते. तोवर उपचारकाच्या खोलीत काय झाले, ते उपचारक सांगेल तेवढेच जगाला कळे. आणि उपचारक काय सांगणार? मी माझ्या वहीत लिहिले तसेच. रॉजर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रुग्णाच्या संमतीने खोलीत ध्वनिमुद्रणाचे यंत्र बसवले. दर काही मिनिटांनी तबकडी बदलावी लागे, इतके ते अवघड काम होते. १९४२ साली रॉजर्स यांनी आपल्या ग्रंथात एका रुग्णाच्या आठही बैठकी शब्दशः छापल्या.

तबकड्या ऐकताना शिकणाऱ्यांना धक्के बसले. आपण ऐकतो असे ज्यांना वाटत होते ते प्रत्यक्षात बोलत होते. रुग्ण दुःखाच्या उंबरठ्याशी आला की नेमका प्रश्न विचारून ते त्याला दुसऱ्याच खोलीत नेत होते. पुस्तकातून दहा वर्षांत न कळणारी गोष्ट तबकडीच्या एका बाजूत कळू लागली. मी १९८६ ची ती संध्याकाळ ध्वनिमुद्रित केली असती, तर माझ्या खुर्चीचा सरकण्याचा आवाज मला आधी ऐकू आला असता आणि त्या माणसाचे वाक्य अर्धेच राहिलेले मागून ऐकू आले असते.

पुढे १९६२ च्या सुमारास मिशिगनला नॉर्मन केगन यांनी चित्रफितीचा असाच उपयोग केला. बैठक संपल्यावर शिकाऊ उपचारकाला ती दाखवायची, हवी तिथे त्याने थांबवायची, आणि त्या क्षणी आपल्या मनात काय चालले होते ते सांगायचे. 'इथे मला भीती वाटली,' 'इथे मला माझे वडील आठवले,' अशी कबुली बाहेर पडू लागली. तिकडे लंडनमध्ये मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात साध्या कुटुंबवैद्यांचे गट जमवले. डॉक्टरने एखाद्या रुग्णाविषयी बोलायचे आणि बाकीच्यांनी त्या डॉक्टरला त्या रुग्णापुढे काय वाटले ते शोधायला मदत करायची. १९५० मध्येच पॉला हायमान यांनी एका छोट्या निबंधात फ्रॉइडचे सूत्र उलटे केले होते. उपचारकाच्या मनात उठणारी भावना हा नेहमीच अडथळा नसतो, रुग्णाला समजून घेण्याचे ते एक साधन आहे, असे त्यांचे म्हणणे. सर्जनच्या हातमोज्यातून शेवटी हात बाहेर निघाला तो असा.

पण प्रत्येक चांगल्या रीतीची पोपटपंची होते. रॉजर्स यांच्या पद्धतीत रुग्णाच्या भावनेचे प्रतिबिंब त्याला शब्दांत दाखवायचे असे. शिकवणाऱ्यांनी त्याचे तंत्र केले. रुग्ण म्हणाला 'मला फार वाईट वाटते', की उपचारकाने म्हणायचे, 'तुम्हाला फार वाईट वाटते.' स्वतः रॉजर्स यांना पुढे आपल्या या शब्दाचाच कंटाळा आला होता. ऐकण्याची जागा ऐकल्याच्या सोंगाने घेतली, की रुग्णाला ते लगेच कळते.

* * *

महाराष्ट्रात ही विद्या आणखी एका वाटेने आली. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मनोविश्लेषण सोडून आपली विवेकाधिष्ठित पद्धत सुरू केली. प्रसंग माणसाला दुखावीत नाही, प्रसंगाविषयीची त्याची हटवादी समजूत दुखावते, हे तिचे सूत्र. भावनांना यात जागा नाही, असा आक्षेप आला. म्हणून १९६१ मध्ये त्यांनी पद्धतीच्या नावातच 'भावना' हा शब्द घातला, आणि १९९३ मध्ये 'वर्तन'ही. मुंबईचे किशोर फडके यांनी १९६८ पासून एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला, पत्रांतून शंका विचारीत ही पद्धत आत्मसात केली, आणि एलिस यांच्या संस्थेचे फेलो व पर्यवेक्षक होण्याचा मान मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. बोसबाबूंसारखेच हेही टपालाने घडलेले शिष्यत्व. पुढे फडक्यांनी इथे कितीतरी उपचारक तयार केले.

एलिसपंथाकडून मी एक मोलाची गोष्ट शिकलो. सगळ्या दुःखद भावना रोग नसतात. मूल गेल्याचे दुःख हे दुःखच आहे, ते निरोगी आहे. 'मीच त्याला मारले, मला जगण्याचा अधिकार नाही' ही बोचणी मात्र माणसाला आतून खाते. पहिलीला जागा द्यायची, दुसरीला हळूच प्रश्न विचारायचा. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव आणि तेहतीस संचारीभाव सांगितले. वर दिसतो तो भाव आणि खाली वाहतो तो भाव एकच असतो असे नाही, हे आपल्या रसिकांना ठाऊक आहे. टोरांटोचे लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८० च्या दशकापासून मांडलेल्या भावनाकेंद्री पद्धतीतही शिकणाऱ्याला आधी हेच ओळखायला शिकवतात. हा राग खरा राग आहे, की खालचे रडू झाकणारा आहे? नाट्यशास्त्र आणि मानसोपचार एकच, असा भलता दावा मी करणार नाही. परंतु नाटक पाहणाऱ्या आमच्या गावाला ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये.

आणखी एक वाट पुण्यात निघाली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी, म्हणजे माझ्या त्या फसलेल्या बैठकीच्याच पावसाळ्यात, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे व्यसनातून बाहेर पडलेले रुग्णच पुढे समुपदेशक झाले. बर्लिनच्या तिवईचा तो तिसरा पाय, 'आधी स्वतः रुग्ण व्हा', इथे पुस्तकाशिवाय, निखळ मराठी रीतीने उभा राहिलेला मला दिसतो. समोरच्याची थरथर ज्याने स्वतःच्या अंगात अनुभवली आहे, तो पाणी आणायला उठत नाही.

* * *

यानंतरचा प्रश्न संख्येचा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार आपल्याकडे मानसिक आजार असलेल्यांपैकी बहुसंख्यांना उपचारच मिळत नाहीत. आजाराप्रमाणे ही तूट ७० टक्क्यांच्या पुढे जाते. दोन-दोन वर्षे शिकून तयार होणारे तज्ज्ञ एवढ्यांना पुरणार कसे?

याचे एक उत्तर आपल्या शेजारच्या गोव्याने दिले. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथे 'संगत' ही संस्था काढली. मानसोपचाराची कसलीही पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक स्त्रियांना दोन महिन्यांचे शिक्षण देऊन त्यांनी आरोग्यकेंद्रांत समुपदेशक म्हणून बसवले. २४ केंद्रांतील २,७९६ रुग्णांचा हा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी, या समुपदेशकांची मदत मिळालेल्यांपैकी ६५.९ टक्के बरे झाले होते; ती न मिळालेल्यांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, हेही नोंदवले पाहिजे. त्यानंतरच्या प्रयोगात अधिक तीव्र नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकींची एक पद्धत बसवण्यात आली. तिचे निष्कर्षही असेच आशादायक होते.

मला आकड्यांपेक्षा शिकवण्याची रीत महत्त्वाची वाटते. आधी काही दिवस वर्गात, मग कित्येक महिने प्रत्यक्ष रुग्णांबरोबर उमेदवारी; आणि दर आठवड्याला सगळ्यांनी जमून एकमेकांच्या ध्वनिमुद्रित बैठकी ऐकायच्या, त्यांना गुण द्यायचे. काही काळाने तज्ज्ञ बाजूला होतो आणि समुपदेशकच एकमेकांचे परीक्षक होतात. ओहायोच्या तबकडीचा हा गोमंतकीय अवतार. पदवी नसलेल्या बाया हे शिकल्या. पदवी असलेला मी शिकलो नव्हतो, याचे कारण माझी एकही बैठक कोणी ऐकली नव्हती.

* * *

२०१९ चा ऑगस्ट कोल्हापूरकर विसरणार नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. महामार्ग बंद, शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे पाण्यात. मी निवृत्त झालो होतो. एका निवारा केंद्रात मदतीला म्हणून गेलो. तिथे शाळेच्या वर्गखोलीत भिंतीला टेकून एक सत्तरीची आजी बसली होती. तिच्या दोन म्हशी गोठ्यात बांधलेल्याच राहिल्या होत्या. दावे सोडायला वेळ मिळाला नव्हता, हेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती आणि कपाळावर हात मारून घेत होती.

तिच्याजवळ एक विशी-बाविशीची मुलगी बसली होती. स्वयंसेवक म्हणून आलेली. ती काहीच विशेष करीत नव्हती. आजीच्या गुडघ्यावर हात ठेवून ती ऐकत होती. मध्येच तिने विचारले, 'आजी, नावं काय होती त्यांची?' आजी थांबली. तिने नावे सांगितली. मग कोणती किती दूध द्यायची, कोणती लाथा झाडायची, व्यालेली कोणती होती, हे सारे सांगितले. आणि मग ती खरी रडली. मुलगी उठली नाही. पुष्कळ वेळाने आजीनेच पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, 'तू जेवलीस का गं?'

मी त्या मुलीला नंतर विचारले, हे तुला कोणी शिकवले. ती लाजली. 'छोटंसं शिबिर होतं, सर. आमच्यातलीच एक जण रडणारी व्हायची आणि एक जण ऐकणारी. माझ्याकडून तीनदा करून घेतलं. पहिल्या दोन्ही वेळा मी मध्येच उठले होते.'

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. आपत्तीतून आलेल्या प्रत्येकाला ओढून बोलते करावे, रडवून मोकळे करावे, असा एकेकाळी उत्साह होता. अनुभवान्ती तो चुकीचा ठरला; जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत कोणालाही बोलण्याची सक्ती करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. आधी सुरक्षितता, निवारा, घरच्यांचा ठावठिकाणा. आणि ज्याला बोलायचे आहे त्याच्यासाठी कान. त्या मुलीने आजीला रडवले नव्हते. तिने म्हशींची नावे विचारली होती. १८९५ च्या विरेचनापासून इथवर यायला जगाला सव्वाशे वर्षे लागली, आणि तरी ही गोष्ट प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते, हे या विद्येचे वैशिष्ट्य आहे. गणिताचा सिद्धान्त एकदा सिद्ध झाला की पुढच्या पिढीला फुकट मिळतो. रडणाऱ्यापुढे बसण्याचे धैर्य असे वारशाने मिळत नाही. ते अंगवळणी पाडावे लागते, कोणाच्या तरी देखत चुकत चुकत.

अलीकडे मराठीत रुग्णाऐवजी 'शुभार्थी' हा शब्द रूढ होत आहे. चांगला शब्द आहे. परंतु शब्द बदलल्याने खोलीतली खुर्ची बदलत नाही.

माझ्या पुढच्या खोलीत अजूनही कधी कधी कोणी येते. समुपदेशन शिकणारी चार-पाच मुलेमुलीही महिन्यातून एकदा येतात. आम्ही आपापल्या बैठकी मोठ्याने आठवून सांगतो आणि मी माझी ती १९८६ ची बैठक दर वर्षी नव्या मुलांना सांगतो. एक बदल मी त्या दूधकट्ट्यावरून परतलो त्याच दिवशी केला होता, तो आजवर पाळला आहे. पाण्याचा तांब्या आता आत नसतो. येणाऱ्याच्या हाताशी, त्याच्या बाजूच्या स्टुलावर भरून ठेवलेला असतो. त्याला तहान लागली, तर तो घेईल.